उत्तम मेंढपाळाचा दाखला मुलांच्या हातात: संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मेंढ्यांचं चित्र समोर धरायचं, गोष्ट सांगायची, 'मेंढरं म्हणजे आपण आणि मेंढपाळ म्हणजे येशू' हे समजावायचं, मग कापूस चिकटवायला द्यायचा. चर्चच्या संडे स्कूलमध्ये, म्हणजे रविवारी भरणाऱ्या लहान मुलांच्या वर्गात, हा दाखला (येशूने सांगितलेली बोधकथा) बहुतेक ठिकाणी असाच होतो. काही चर्चच्या मंडळ्यांनी लाकडाची मेंढरं करून घेतली आहेत, पण तीही शिक्षकाच्याच हातात राहतात. मुलाचा हात लागेपर्यंत उत्तर सांगून झालेलं असतं, मग त्याने त्या मेंढरांचं करायचं काय? हातांनी शिकण्याच्या पद्धतीत साहित्य गोष्टीची सजावट म्हणून येत नाही. गोष्ट ऐकून झाल्यावर मुलाने ते स्वतः मांडायचं, हलवायचं आणि त्या हालचालीतून विचार करायचा. म्हणून सगळा भर तयारीवर आणि क्रमावर आहे. क्रम चुकला तर कितीही महागडं साहित्य खेळणं होऊन बसतं.

पुढची मांडणी ३ ते ६ वर्षांच्या ८ ते १० मुलांसाठी आहे. दोन मोठी माणसं लागतात: एक सांगणारी, एक मदतनीस. वेळ एक तास. चर्च कुठल्याही पंथाचं असो, या धड्यात फरक पडत नाही.

सुरुवात कधी करायची हेही ठरवून घ्या. रोमन कॅथलिक दिनदर्शिकेत पुनरुत्थान (ईस्टर) काळाचा चौथा रविवार उत्तम मेंढपाळाचा असतो, पण तो एप्रिल-मेमध्ये येतो. तेव्हा पत्रे तापलेले असतात आणि अर्धी मुलं मामाच्या गावाला गेलेली असतात. बीड, जालना, परभणीकडच्या गावांत दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलंही निघून जातात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यामुळे शाळा उघडल्यावर जूनअखेर किंवा जुलैमध्ये हा दाखला सुरू करा, म्हणजे दसऱ्यापर्यंत प्रत्येक मुलाला साहित्य हाताळायला चार-पाच रविवार तरी मिळतात.

## टप्पा १: वचन स्वतः वाचा आणि काय गाळायचं ते ठरवा

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला अध्याय १०, वचनं १ ते १६ गुरुवारपर्यंत दोनदा वाचा. लहानांसाठी यातली २ ते ५, ११ आणि १४ ते १६ एवढीच वचनं घ्यायची, चाऱ्याचा उल्लेख ९व्या वचनातून. १२व्या आणि १३व्या वचनातला लांडगा आणि मोलकरी (मजुरीवर मेंढरं राखणारा) पहिल्यांदा घेऊ नका. ते वचन कमी महत्त्वाचं आहे असा याचा अर्थ नाही. चार वर्षांच्या मुलासमोर लांडगा आला की पुढचा सगळा तास तो लांडग्याचाच होतो आणि मेंढपाळाचा आवाज, नावाने हाक, पुढे चालणं हे सगळं मागे पडतं. मूल पाच-सहा वर्षांचं झालं आणि मेंढपाळ त्याच्या चांगला ओळखीचा झाला, की लांडग्याचा धडा स्वतंत्र घ्या.

गाळायला हरकत नाही, भर मात्र घालायची नाही. वाट चुकलेलं खोडकर मेंढरू, काट्यात अडकलेला पाय, वादळ, यातलं योहान १० मध्ये काहीही नाही. हिरवळीजवळचं पाणीसुद्धा स्तोत्र २३ मधलं आहे, ते त्या स्तोत्राच्या दिवशी आणा.

सांगायचा मजकूर एका कार्डावर लिहून काढा. पंधरा वाक्यांच्या आत बसला पाहिजे. जास्त झाला तर तुम्ही समजावून सांगू लागला आहात.

तपासा: कार्ड बाजूला ठेवून मजकूर साहित्यासह एकदा मोठ्याने सांगून पाहा. हात आणि वाक्य एकाच वेळी चालत असतील तर अजून सराव हवा. आधी हात हलतो, मग वाक्य येतं, किंवा वाक्य संपून हात हलतो. दोन्ही एकदम झालं की मूल एक काहीतरी सोडून देतं.

## टप्पा २: साहित्य करून घ्या

एका संचात एवढं लागतं:

- मेंढरं १०, प्रत्येकी ६ सेंमी लांब, ४.५ सेंमी उंच
- मेंढपाळ १, उंची १० सेंमी
- खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ १ (हा नंतरच्या धड्यासाठी, आत्ता कपाटातच राहू द्या)
- मेंढवाडा: ३० सेंमी व्यासाचं गोल कुंपण, उंची ४ सेंमी, एक दार
- हिरवं जाड कापड, ७५ × ७५ सेंमी
- दोन बाजूंना धरायला कान असलेला ट्रे

मेंढरं. सुताराकडे कापून उरलेले सागाचे किंवा पॅकिंगच्या पेट्यांच्या पाइनचे १८ मिमी जाडीचे तुकडे मिळतात. ते पुरेसे आहेत. बाभूळ घेऊ नका, छोट्या मापात ती चिरते. प्लायच्या कडेला कुसळं निघतात. कापताना लाकडाची रेघ उभी, म्हणजे पायांच्या दिशेने यायला हवी. रेघ आडवी आली तर पहिल्यांदा खाली पडल्यावरच पाय मोडतो. चार बारीक पाय कापूच नका, पुढे एक आणि मागे एक असे दोन जाड पाय ठेवा. मग मेंढरू शहाबादी फरशीवर आणि कापडावर दोन्हीकडे उभं राहतं.

१२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून मग २२० ने घासा. कानाचे आणि शेपटीचे कोपरे गोल झाले पाहिजेत. रंग द्यायचाच असेल तर पाण्यात मिसळणारा अॅक्रेलिक द्या. घरात वर्षानुवर्षं पडून असलेला ऑइलपेंटचा डबा चुकूनही उघडू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ही मेंढरं मुलांच्या तोंडात जातातच. नुसतं जवसाचं तेल पातळ लावलं तरी छान दिसतं, पण कच्चं तेल वाळायला आठवडाभर लागतो, ते शनिवारी रात्री लावून चालत नाही. तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेटू शकतं. उघड्यावर पसरून वाळवा, मगच फेका.

सगळी मेंढरं पांढरी करू नका. मुलं रस्त्यावर पाहतात ती दख्खनी मेंढरं काळी, तपकिरी, काळ्या तोंडाची असतात. दहापैकी पाच-सहा काळी-तपकिरी आणि बाकीची पांढरट केली की मुलांना ती खरी वाटतात. एक मात्र पाळा: एकच मेंढरू वेगळ्या रंगाचं ठेवायचं नाही. नऊ पांढरी आणि एक काळं केलंत तर मुलं त्याला 'वाईट मेंढरू' ठरवतात आणि दाखला भलतीकडे जातो.

मेंढपाळ. चेहरा रंगवू नका. अंगरखा, हातात काठी, बस. डोक्याभोवती तेजोवलय काढलं तर मुलाला शोधायला काही उरत नाही. फेटा बांधला तर मुलं त्याला गावातल्या ओळखीच्या माणसाचं नाव देतात. खांद्यावर घोंगडीचा धुतलेला तुकडा घट्ट चिकटवायला हरकत नाही, बोटांना लोकर लागते. लोकर सुटत असेल तर काढून टाका.

मेंढवाडा. बुरूडाला कामट्यांचं बिनबुडाचं कडं विणायला सांगा. कामट्यांमध्ये फटी ठेवायला सांगा, आतलं दिसलं पाहिजे. वरच्या कडेला कापडाची पट्टी शिवून घ्या, नाहीतर कुसळ बोटात जाते. ज्वारीच्या ताटांचं कुंपण स्वस्तात होतं पण पावसाळ्यात त्याला कीड लागते आणि ताटं उकलतात. सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट म्हणजे दार. ते मेंढराच्या मापाचं करतात. दारातून मेंढरासकट मुलाची मूठ जायची असते, तेव्हा रुंदी ८ सेंमी हवी. कुंपण ४ सेंमीपेक्षा उंच झालं तर बाजूला बसलेल्या मुलांना आतली मेंढरं दिसत नाहीत. दाराला बिजागरी म्हणून रेक्झिनची पट्टी टिकते, लोखंडी बिजागरीत बोट चेमटतं.

कापड. पातळ पॉपलीनला सुरकुत्या पडतात आणि मेंढरं कलंडतात. हिरवं कापड जुन्या चादरीवर गोधडीसारखे टाके घालून जाड करा. शनिवारी इस्त्री करून गुंडाळून ठेवा, घडी घालू नका.

पैसे कमी असतील तर: खोक्याचा पुठ्ठा तीन थरांत चिकटवा, मधल्या थराच्या नळ्या बाकीच्या थरांना काटकोनात ठेवा आणि रात्रभर वजनाखाली दाबून मग कापा. तळाला लाकडाची पट्टी चिकटवली नाही तर पंख्याच्या वाऱ्याने मेंढरं पडतात. पोळ्याचे बैल करणाऱ्या कुंभाराकडून मातीची मेंढरंही मिळतात, दिसायला फार सुंदर, पण फरशीवर एकदा पडलं की तुकडे. ती मोठ्या मुलांच्या वर्गाला द्या.

सावध: धाकटी भावंडं मागोमाग येतातच. साधारण ३.२ सेंमी रुंद नळीत पूर्ण मावेल अशी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागू देऊ नका. वरची मापं त्यासाठीच आहेत, ट्रेमध्ये मावत नाही म्हणून मेंढरं लहान करू नका.

## टप्पा ३: जागा शनिवारी लावून ठेवा

सतरंजीवर अर्धगोल करून बसायचं, शिक्षकही खाली. सगळ्या मुलांची पाठ दाराकडे येईल असं बसवा. दाराबाहेर कोंबडी गेली तरी या वयाचं लक्ष जातं. वर्गाचं दार उघडं राहू द्या आणि दोन्ही मोठी माणसं पूर्ण वेळ आत असू द्या. हा नियम कुठल्याही कारणाने मोडायचा नाही.

कामासाठी वेगळ्या छोट्या चटया हव्यात, साधारण ६० × ९० सेंमीच्या, किमान सहा. मेंढवाड्याच्या संचाला मात्र मोठी चटई ठेवा, ७५ सेंमीचं कापड छोटीवर मावत नाही. एक चटई म्हणजे एका मुलाची जागा, दुसऱ्याने तिच्यावर पाय द्यायचा नाही. साहित्य मुलाच्या छातीच्या उंचीच्या फळीवर ठेवा. कपाटाला कुलूप आणि किल्ली पाळक साहेबांच्या घरी, असं असेल तर रविवारी सकाळी साडेसातला उघडून घ्यायची जबाबदारी एका माणसाला नेमून द्या.

शेजारची मुलं सोबत आली तर त्यांच्या आई-वडिलांना विचारल्याशिवाय वर्गात बसवू नका.

तपासा: मुलाच्या उंचीवर बसून पाहा. फळी दिसते का, पोचते का? पंख्याचा वारा थेट कापडावर येतो का? दहा मेंढरं मोजली का?

## टप्पा ४: आधी हात आणि पाय शांत होऊ द्या (१० मिनिटं)

पळत आलेल्या मुलाला थेट गोष्टीला बसवलं की पहिली पाच मिनिटं 'गप्प बसा' म्हणण्यात जातात. त्याऐवजी हातांना काम द्या. चटई गुंडाळणं आणि उलगडणं, ट्रे दोन हातांनी धरून खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालणं, एका मगातून दुसऱ्या मगात ओतणं. ओतायला पाण्याऐवजी ज्वारी घ्या. टंचाईच्या महिन्यांत सांडलेल्या पाण्याची धास्ती राहत नाही, आणि सांडलेले दाणे वेचणं हेही बोटांचं कामच आहे. वाटीभर ज्वारी पुरते.

करून दाखवताना बोलू नका. हळू करून दाखवा, मग मुलाकडे द्या. पुढे हीच मुलं मेंढवाड्याचा ट्रे उचलणार आहेत, त्यांना तो न आपटता नेता आला पाहिजे.

## टप्पा ५: दाखला सांगा (१२ मिनिटं)

उठा, ट्रे स्वतः आणा आणि समोर ठेवा. 'आज मी एक मज्जा आणलीय' असं काही म्हणू नका. कापड हळू उलगडा आणि हाताने सपाट करा. तेवढ्याने मुलं पुढे सरकतात.

नजर साहित्यावर ठेवा, मुलांवर नाही. तुम्ही मुलांकडे पाहिलंत की तीही तुमच्याकडे पाहतात आणि मेंढरं दिसायची थांबतात. वर्गात सांगायचे शब्द असे:

(कुंपण ठेवा.) "येशूने लोकांना एका मेंढपाळाबद्दल सांगितलं. हा मेंढवाडा. हे त्याचं दार."

(एकेक मेंढरू दारातून आत ठेवा.) "ही मेंढरं."

(मेंढपाळ बाहेर उभा करा, मग दाराशी आणा.) "येशू म्हणाला, मी उत्तम मेंढपाळ आहे. मेंढपाळ दारातून आत येतो. तो आपल्या मेंढरांना हाक मारतो. एकेकाला नावाने." (थांबा.) "मेंढरं त्याचा आवाज ओळखतात."

(दार उघडा. मेंढपाळ एक वीत पुढे न्या. मग मेंढरं, एका वेळी एक.) "तो पुढे चालतो. मेंढरं त्याच्या मागे जातात."

(हात मांडीवर ठेवा.) "अनोळखी माणसाच्या मागे ती जात नाहीत. त्याचा आवाज त्यांना माहीत नसतो."

(सगळी मेंढरं हिरव्या कापडावर पसरलेली.) "इथे त्यांना चारा मिळतो."

"येशू म्हणाला, माझी मेंढरं मला ओळखतात आणि मी त्यांना ओळखतो. मी त्यांच्यासाठी माझा जीव देतो. या मेंढवाड्यात नाहीत अशी आणखीही माझी मेंढरं आहेत. मला त्यांनाही आणायचं आहे. मग एकच कळप होईल आणि एकच मेंढपाळ."

शेवटी बायबल उघडून ११ आणि १४ ही वचनं जशी आहेत तशी वाचा. आत्ता ऐकलं ते या पुस्तकातलं आहे, हे मुलांना त्या वेळी दिसतं.

इथे हमखास होणाऱ्या चुका पाहून घ्या. पहिली: मेंढपाळ मागे ठेवून कळप पुढे ढकलणं. आपल्या रस्त्यांवर मेंढरं मागून हाकलेली दिसतात, त्यामुळे हात आपोआप तसा जातो. पण वचन ४ म्हणतं की तो त्यांच्या पुढे चालतो आणि ती आवाज ओळखून मागे येतात. सगळा दाखला या हालचालीवर उभा आहे. दुसरी: वेळ वाचवायला मूठभर मेंढरं एकदम बाहेर काढणं. नावाने हाक मारली असं तोंडाने सांगायचं आणि हाताने ढीग उचलायचा, तर मूल हातावर विश्वास ठेवतं. दहा मेंढरांना दीड-दोन मिनिटं लागतात, लागू द्या. तिसरी: मेंढरांना वर्गातल्या मुलांची नावं देणं. प्रेमाने केलं जातं, पण त्याने मुलाने स्वतः शोधायची गोष्ट तुम्ही सांगून टाकता. मुलांनी आपणहून नाव दिलं तर थांबवू नका.

सावध: या वेळात फोनवर व्हिडिओ काढायचा नाही, मदतनीसानेही नाही. मुलं कॅमेऱ्याकडे पाहू लागतात. ग्रुपवर टाकायला फोटो हवाच असेल तर रिकाम्या वर्गातल्या साहित्याचा काढा.

## टप्पा ६: प्रश्न, आणि त्याहून जास्त थांबणं (५ मिनिटं)

जास्तीत जास्त तीन प्रश्न:

- नावाने हाक मारल्यावर मेंढराला कसं वाटत असेल?
- मेंढपाळाचा आवाज त्यांना कसा ओळखू येत असेल?
- ही मेंढरं कोण असतील बरं?

तिसरा प्रश्न पहिल्या रविवारी विचारू नका. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी विचारा, आणि उत्तर आलं नाही तर तसाच सोडून द्या. काही मुलांना महिना लागतो.

विचारल्यावर मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा. ही शांतता मुलांना जड जात नाही, शिक्षकालाच जाते, आणि तो उत्तर देऊन मोकळा होतो. 'यातून आपण काय शिकलो?' हा प्रश्न टाळा. त्याला मुलं 'देवावर प्रेम करायचं, आई-बाबांचं ऐकायचं' हे ठरलेलं उत्तर देतात, कारण शाळेत तेच चालतं.

एखादं मूल म्हणालं, "म्हणजे आपणच ना?" तर मान हलवा, "तुला असं वाटलं," एवढंच म्हणा. शाबासकी देऊन ते उत्तर सगळ्यांना ऐकवलं तर बाकीच्यांचं शोधणं तिथेच संपतं.

## टप्पा ७: मुलांचं काम (२० मिनिटं)

आता साहित्य मुलांच्या हातात जातं. धड्याचा गाभा हाच आहे, आणि वेळ कमी पडला की सगळे याच भागाला कात्री लावतात. कापायचंच असेल तर गाणी कापा, सूचना कापा, हा भाग नको.

संच एकच असतो आणि मुलं दहा. म्हणून बाकीची कामं आधीच ट्रेमध्ये मांडून ठेवावी लागतात:

- कोरे कागद आणि तीन-चार मेणखडू (दोन ट्रे)
- पुठ्ठ्याच्या मेंढराभोवती गिरवणं, पेन्सिल आणि कागद
- कणकेसारखा गोळा: २ वाट्या मैदा, १ वाटी मीठ, १ चमचा तेल, साधारण पाऊण वाटी पाणी थोडं थोडं घालत मळलेला. बंद डब्यात आठवडाभर टिकतो. हाताला जखम असेल त्या मुलाला देऊ नका, मीठ झोंबतं.
- ज्वारी ओतण्याचे मग (दोन ट्रे)
- आधी सांगितलेल्या दाखल्याचं साहित्य असेल तर तेही

एकेका मुलाला विचारा: "तुला आज काय करायचंय?" सगळ्यांना एकदम विचारलं तर सगळे मेंढवाड्याकडे धावतात. मेंढवाड्यावर एका वेळी एक मूल, फार तर दोघं. बाकीच्यांनी बघायचं तर चटईबाहेर बसून बघावं. कोणाची पाळी झाली ते वहीत लिहा, पुढच्या रविवारी उरलेल्यांना आधी. 'पाच मिनिटं झाली, आता दुसऱ्याला दे' असं करू नका. ज्याने घेतलं त्याचं काम संपून ट्रे फळीवर गेला की मगच पुढचा.

मूल तुमच्यासारखं मांडणार नाही. ते मेंढरं कुंपणावरून उड्या मारत काढेल, रांग लावेल, मेंढपाळालाच आत झोपवेल. पाहत राहा. गोष्ट बदलणं हा त्याचा विचार आहे, तिथे दुरुस्ती करायची नसते. मेंढरं फेकणं, कुणाला मारणं, कुंपण वाकवणं ही वेगळी गोष्ट. तिथे शांतपणे म्हणा, "आज याचं काम झालं, चल ठेवून येऊ," आणि त्याच्यासोबत ट्रे ठेवून या. ओरडायची गरज पडत नाही.

छापील रंगवायची चित्रं आणि कापूस चिकटवलेलं मेंढरू यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. त्यात दहा मुलांची दहा एकसारखी मेंढरं तयार होतात आणि पालक खूश होतात, पण कुठल्या मुलाने काय ऐकलं हे त्यातून कळत नाही. कोऱ्या कागदावर मूल मेंढपाळ केवढा काढतं, दार उघडं काढतं की बंद, ते पाहा. कागदामागे मुलाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. 'हे काय काढलंस?' विचारू नका. 'मला सांगशील?' असं विचारा, आणि नाही म्हणालं तर राहू द्या.

तपासा: या वीस मिनिटांत तुम्ही किती बोललात? दर मिनिटाला काही ना काही सांगत असाल तर मुलं साहित्य सोडून तुमच्याकडे पाहत आहेत.

## टप्पा ८: आवरणं आणि प्रार्थना (८ मिनिटं)

घंटा नको, एकेका मुलाच्या जवळ जाऊन हळू सांगा. ट्रे मुलांनीच ठेवायचे. मेंढरं मोजताना मुलांसोबत मोठ्याने मोजा. एखादं कमी भरलं तर तिथेच शोधा, दारातून कोणी जाण्याआधी. मग गोल बसून 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे एक वचन म्हणा आणि ज्या मुलाला देवाशी काही बोलायचं असेल त्याला बोलू द्या. तुमची लांब प्रार्थना इथे नको.

## पुढचे रविवार

हाच दाखला किमान तीन रविवार सांगा. 'मागच्या वेळी झालाय' ही तक्रार मोठ्यांची असते. या वयाची मुलं तेच पुन्हा मागतात. ऊसतोडीहून परतलेल्या मुलांसाठी उन्हाळ्यात पुन्हा एकदा घ्या.

त्यानंतर लूक १५:३-७, हरवलेलं मेंढरू. संच तोच, पण दोन गोष्टी बदलतात. पहिली, मेंढपाळाकडे शंभर मेंढरं आहेत. समोर दहाच असली तरी 'शंभर' म्हणा, 'दहा' म्हणू नका. दुसरी, तो नव्याण्णव मेंढरं रानात सोडून जातो. बहुतेक शिक्षक ती मेंढवाड्यात घालून दार लावतात, कारण तसं सोडून जाणं त्यांना बरं वाटत नाही. वचनात दार नाही, म्हणून कुंपण त्या दिवशी फळीवरच राहू द्या. खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ आता बाहेर काढा. तो घरी येतो आणि मित्र-शेजाऱ्यांना बोलावतो, तिथपर्यंत सांगा. सापडल्यावर गोष्ट थांबवली तर आनंदाचा भाग राहून जातो.

मग मत्तय १३:३३, खमिराचा दाखला. हा ज्वारीच्या पिठात करू नका. त्यात गहू-मैद्यासारखा चिवटपणा येत नाही, पीठ फुगत नाही. १ वाटी मैदा, पाव चमचा कोरडं यीस्ट, चिमूट साखर, कोमट पाणी. शेजारी दुसऱ्या वाटीत तेवढंच पीठ यीस्टशिवाय. दोन्हींवर ओलं फडकं टाका. पावसाळ्यात तासाभरात फरक दिसतो, डिसेंबरच्या थंडीत दुप्पट वेळ लागतो, तेव्हा भक्ती सुरू व्हायच्या आधी मळून ठेवा. पाणी कढत घातलं तर यीस्ट मरतं आणि काहीच होत नाही. बोटाला सोसेल एवढंच हवं.

## साहित्य टिकवणं

चर्चच्या कपाटात वाळवी खालून येते, तेव्हा लाकडी संच सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवू नका आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या. श्रावणात महिन्यातून एकदा कुंपण आणि कापड उन्हात ठेवा. ओल्या फडक्याने पुसलेली मेंढरं पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात घालू नका, बुरशी धरते. मोडलेला पाय फेव्हिकॉल लावून दोऱ्याने घट्ट बांधा आणि रात्रभर सोडा. जोड घासून गुळगुळीत झाल्यावरच मेंढरू संचात परत जाऊ द्या. सुताराकडे गेलातच आहात तर दोन मेंढरं जास्त कापून घ्या, नंतर त्याच जाडीचं लाकूड मिळत नाही.